नदीचा गढूळपणा आणि शेताची माती
(आकुर्डी ते उजनी : भीमा खोऱ्यातील प्रवाह व गाळ यांचा अभ्यासपाठ)

आकुर्डी हे गाव पवना व इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर वसलेले आहे. दक्षिणेस पवना वाहते, उत्तरेस इंद्रायणी. आकुर्डीच्या ओढ्यानाल्यांचे पाणी पवनेत जाते. पवना दापोडीजवळ मुळेस मिळते, मुळा पुण्यात मुठेस मिळते आणि मुळा-मुठेचा एक झालेला प्रवाह पुढे रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळतो. इंद्रायणी देहू व आळंदी ओलांडून तुळापूर येथे भीमेत विलीन होते. म्हणजे आकुर्डीच्या उंचवट्यावर पडलेला थेंब कोणत्याही उताराने गेला तरी अखेर भीमेत व भीमेच्या वाटेवरील उजनीच्या जलाशयात पोचतो.

या खोऱ्याची ओळख शेतकऱ्यास नवी नाही. ज्येष्ठ वद्यात देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते व पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, अकलूज या वाटेने पंढरपुरास जाते. या वाटेने चालणारा वारकरी इंद्रायणीच्या काठावरून निघून भीमेच्या काठावर पोचतो. वाटेत हिरवा मुलूख मागे पडतो, ढग विरळ होतात, माती काळी व उघडी होत जाते. प्रस्तुत पाठात याच वाटेवरील पाणी व माती यांचा विचार केला आहे. नदीचे पाणी गढूळ का होते, तो गाळ कोठून येतो, कोठे जातो, तो कसा मोजावा आणि शेतातच कसा अडवावा, हे प्रत्येक गावातील कार्यकर्त्यास समजावयास हवे.

एकाच खोऱ्यातील निरनिराळा पाऊस

सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस येताच तो झपाट्याने कमी होतो. पुणे शहरात तो सुमारे ७०० मिलिमीटर असतो, तर दौंड-इंदापूरकडे सुमारे ५०० मिलिमीटरपर्यंत उतरतो. भीमा ही सुमारे ८६० किलोमीटर लांबीची नदी आहे. परंतु तिच्या पाण्याचा मोठा भाग माथ्यावरील अरुंद पट्ट्यातून येतो. खालचा विस्तीर्ण प्रदेश हा अवर्षणप्रवण होय.

यावरून कोणासही असे वाटेल की, जेथे पाऊस अधिक तेथे मातीची धूपही सर्वांत अधिक असली पाहिजे. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. माथ्यावर झाडी व गवत असते तेथे पाऊस पानांवर व पालापाचोळ्यावर पडतो. भाताची खाचरे चढत्या पायऱ्यांनी पाणी थोपवून धरतात. जेथे हे आच्छादन तुटले तेथे मात्र डोंगरउतारही खचतात व ओढे लाल होतात. याउलट कमी पावसाच्या प्रदेशात जमिनीवर आच्छादन राहील इतका ओलावा नसतो. परंतु उघडी माती वाहून नेण्याइतका जोर मात्र तेथील वळवाच्या व परतीच्या सरींत असतो. अमेरिकेतील लँगबाइन व शुम या शास्त्रज्ञांनी १९५८ साली अनेक नद्यांच्या मोजण्यांवरून असे दाखविले की, दर चौरस किलोमीटरमागे येणारा गाळ अतिशय कोरड्या प्रदेशात कमी, अर्धकोरड्या प्रदेशात सर्वांत अधिक व ओल्या वनप्रदेशात पुन्हा कमी असतो. सर्वाधिक गाळ त्यांना सुमारे ३०० मिलिमीटर परिणामकारक पावसाच्या पट्ट्यात आढळला. उष्ण हवेत बाष्पीभवन जास्त असल्याने आपल्याकडे हाच पट्टा याहून अधिक पावसाच्या आकड्याशी येतो. अवर्षणप्रवण तालुक्यांतील शेतकऱ्याने या निष्कर्षाकडे विशेष लक्ष द्यावे.

पाणी केव्हा वाहते

पडलेला सर्व पाऊस ओढ्यास जात नाही. जमीन जेवढे पाणी शोषते त्यापेक्षा अधिक वेगाने पाऊस पडला, म्हणजेच उरलेले पाणी पृष्ठावरून वाहू लागते. यास अपधाव म्हणतात. दिवसभर रिमझिम पडणाऱ्या ४० मिलिमीटर पावसाने ओढा कदाचित हलणारही नाही. तोच पाऊस तासाभरात पडला तर ओढ्यास लोंढा येईल.

दख्खनच्या काळ्या जमिनीचा स्वभाव येथे ध्यानी घेतला पाहिजे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात व पहिल्या सरींचे पाणी त्या भेगांत जिरते. माती भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जिरण्याचा वेग फार मंदावतो. त्यानंतर येणारी मोठी सर बहुतांशी वरूनच वाहून जाते. भाद्रपद-आश्विनात दौंड, इंदापूर, करमाळा या भागांत येणाऱ्या जोरदार सरी अशाच भिजलेल्या जमिनीवर पडतात.

म्हणून या प्रदेशातील ओढे वर्षातील बहुतेक दिवस कोरडे असतात आणि वर्षभराच्या गाळाचा मोठा भाग थोड्याच लोंढ्यांत निघून जातो. बांधबंदिस्ती पावसाच्या सरासरीचा हिशेब करून भागत नाही. ती मोठ्या सरीसाठी तयार असावी लागते, आणि ती सर येण्यापूर्वी पुरी व्हावी लागते.

माती कशी सुटते

धुपीचे तीन प्रकार आहेत. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळून कण सुटे करतो व पाण्याचा पातळ थर ते कण सारख्या प्रमाणात वाहून नेतो, ही सालकाढी धूप होय. ती डोळ्यांस दिसत नाही. पुढे पाणी एकत्र येऊन बोटभर किंवा वीतभर खोलीचे ओघळ पाडते, ही ओघळी धूप होय. मशागतीने ओघळ बुजतात व शेतकऱ्यास वाटते की नुकसान भरून आले. वास्तविक गेलेली माती परत आलेली नसते. तिसऱ्या अवस्थेत घळी पडतात व जमीन लागवडीतून जाते.

सालकाढी धुपीचा हिशेब करून पाहावा. एक हेक्टर शेतातून केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर गेला तर १० घनमीटर माती जाते. तिचे वजन सुमारे १३ टन भरते. त्या मातीत नत्राचे प्रमाण ०.०५ टक्के धरले तरी साडेसहा किलो नत्र, म्हणजे सुमारे १४ किलो युरियातील नत्र, तिच्याबरोबर जाते. वाहत्या पाण्यात बारीक कण व सेंद्रिय द्रव्य आधी उचलले जात असल्याने प्रत्यक्ष हानी याहून अधिक असते. मागे जाड वाळू व खडे राहतात. "जमिनीचा कस गेला" असे शेतकरी म्हणतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच गोष्ट असते.

रब्बी ज्वारीच्या प्रदेशात एक अडचण विशेष आहे. तेथे खरिपात जमीन पडीत ठेवून ती पाळ्या घालून भुसभुशीत केली जाते, म्हणजे ऐन पावसात शेत उघडे व सुटे असते. शाळूसाठी ओलावा साठविण्याचा हेतू बरोबर आहे; परंतु पाणी अडविण्याची सोय न करता राखलेले उघडे शेत ओलावाही गमावते आणि मातीही.

गाळ कोठे जातो

शेतातून निघालेली सर्व माती नदीस पोचत नाही. काही शेजारच्या बांधाला, काही ओढ्याच्या वळणावर, काही नदीच्या थडीवर थांबते. १९८३ साली भारतातील धुपीचा जो अंदाज शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला, त्यानुसार देशात दर हेक्टरी सरासरी १६ टनांहून अधिक माती दरवर्षी सुटते. त्यापैकी सुमारे ६१ टक्के माती एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसते, सुमारे १० टक्के जलाशयांत साठते व सुमारे २९ टक्के समुद्रास मिळते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, धरणातील गाळ मोजून शेताची हानी कळत नाही. शेताची हानी त्याच्या कितीतरी पट असते. दुसरी, वरची धूप आज थांबविली तरी ओढ्यांच्या पात्रात पूर्वी साठलेली माती काही वर्षे खाली येत राहते. म्हणून पाणलोटाचे काम झाल्यावर एकाच पावसाळ्यात पाणी निवळले नाही, तर गावकऱ्यांनी निराश होऊ नये.

उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यापैकी सुमारे ५४ अब्ज घनफूट उपयुक्त व उरलेला मृत साठा आहे. गाळ मृत साठ्यात बसतो व उपयुक्त साठ्यास धक्का लागत नाही, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. वाहते पाणी जलाशयाच्या तोंडाशी येताच त्याचा वेग मंदावतो व जाड गाळ तेथेच बसतो. ही जागा वरच्या पातळीची, म्हणजे उपयुक्त साठ्याचीच असते. फक्त अतिबारीक गाळ भिंतीपर्यंत पोचतो. या जलाशयासाठी भीमाकाठची गावे व सुपीक जमिनी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर अजूनही उघडे पडते व त्याची आठवण देते. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या त्यागातून उभा राहिलेला साठा वरच्या गावांच्या मातीने भरून जाऊ नये, हे वरच्या गावांचेही कर्तव्य आहे.

प्रवाह व गाळ मोजण्याची साधी रीत

मोजणीस महागडी साधने लागत नाहीत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शाळेतील मुलांस दाखवावी अशी ही रीत आहे. एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा : लोंढ्यात कोणीही उतरू नये. सर्व काम पुलावरून किंवा सुरक्षित काठावरून करावे.

प्रथम प्रवाह मोजावा. ओढ्याचा सरळ, सारख्या रुंदीचा २० मीटर लांबीचा भाग निवडून दोन्ही टोकांस खुणा कराव्यात. रुंदी व पात्राची खोली उन्हाळ्यात, ओढा कोरडा असतानाच मोजून काठावर पातळीच्या रेघा मारून ठेवाव्यात. लोंढा आल्यावर लाकडाचा तुकडा सोडून तो २० मीटर किती सेकंदांत जातो ते पाहावे. पृष्ठावरचा वेग सरासरीहून अधिक असल्याने आलेल्या वेगास ०.८ ने गुणावे. रुंदी, सरासरी खोली व हा वेग यांचा गुणाकार म्हणजे दर सेकंदाचा प्रवाह होय.

नंतर गाळ मोजावा. दोरीस बांधलेल्या बादलीने पाणी काढून त्यातील ५ लिटर पाणी घ्यावे. ते दोन-तीन दिवस स्थिर ठेवावे. बारीक माती लवकर बसत नसेल तर चिमूटभर तुरटी फिरवावी. वरचे निवळ पाणी ओतून टाकून खालचा गाळ उन्हात पूर्ण वाळवावा व बारीक काट्यावर तोलावा. आलेल्या ग्रॅमांस ५ ने भागले की एका लिटरमधील गाळ मिळतो. लिटरास १ ग्रॅम म्हणजे घनमीटरास १ किलो.

उदाहरणार्थ, ओढा ४ मीटर रुंद व सरासरी अर्धा मीटर खोल आहे, आणि लाकूड २० मीटर अंतर २० सेकंदांत गेले. पृष्ठवेग सेकंदास १ मीटर झाला, ०.८ ने गुणून प्रवाह १.६ घनमीटर येतो. ५ लिटर पाण्यात २५ ग्रॅम गाळ निघाला, तर घनमीटरास ५ किलो गाळ झाला. म्हणजे दर सेकंदास ८ किलो आणि तासास २८ टनांहून अधिक माती त्या लहानशा ओढ्यातून निघून जाते. तळाशी घरंगळत जाणारी वाळू व गोटे यात धरलेले नाहीत.

नमुना तीन वेळा घ्यावा : पाणी चढत असताना, भर लोंढ्यात व पाणी उतरताना. एकाच पातळीस चढत्या पाण्यात उतरत्या पाण्यापेक्षा बहुधा अधिक गाळ आढळतो, कारण सुटी झालेली माती पहिल्या पाण्याबरोबर निघते. दरवर्षी त्याच जागी व त्याच रीतीने मोजणी केली तरच दोन वर्षांची तुलना करता येईल. तुलना करताना दोन्ही वर्षांच्या सरींचा जोरही नोंदीत असावा, नाहीतर हलक्या पावसाच्या वर्षाचे श्रेय बांधांस दिले जाईल.

उपाय : माथ्यापासून पायथ्यापर्यंत

कोरडवाहू शेतीचे शास्त्रीय संशोधन या खोऱ्यातच सुरू झाले. १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे ते हाती घेण्यात आले व १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू संशोधन केंद्र निघाले. त्या कामातून व पुढील अनुभवातून जे शिकावयास मिळाले, त्याचे सार पुढीलप्रमाणे आहे.

१. माथ्यावर : डोंगरउतारावर समपातळीत सलग चर खणावेत. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावते. १०० मीटर चरात १८ हजार लिटर. चराच्या खालच्या अंगास भरावावर गवत व झाडे लावावीत. चराईबंदी नसेल तर चर दोन-तीन वर्षांत बुजतात, हे ग्रामसभेत आधीच स्पष्ट करावे.

२. शेतात : नांगरट, पाळी व पेरणी उताराला आडवी करावी. यास वेगळा खर्च येत नाही. हलक्या व मध्यम जमिनीत समपातळी बांध चालतात. भारी काळ्या जमिनीत मात्र बांधाशी पाणी तुंबते, भेगांतून बांध फुटतो व एका फुटलेल्या बांधाने खालचे सर्व बांध जातात. तेथे ढाळीचे बांध घालून पाणी गवताच्या चरातून सुरक्षित बाहेर काढावे. प्रत्येक बांधास दगडी सांडवा असावा. बांधावर वाळा, मारवेल किंवा गिरिपुष्प लावल्यास माती धरली जाते.

३. रब्बीच्या पडीत शेतात : जून-जुलैमध्ये सारायंत्राने ६ × ६ ते १० × १० मीटरचे बंदिस्त वाफे पाडावेत. प्रत्येक वाफ्यात सर अडते व मुरते. पेरणीपर्यंत शेत उघडे राहिले तरी पाणी व माती शेतातच राहतात.

४. ओढ्यात : वरच्या तीव्र उताराच्या घळींत अनगड दगडी बांध घालावेत. माती नालाबांध ३ टक्क्यांपेक्षा अधिक उताराच्या तळावर घालू नयेत. सिमेंट नालाबांध सर्वांत शेवटी घ्यावा. पुष्कळ गावांत हा क्रम उलटा होतो, कारण सिमेंटचे काम लवकर दिसते व त्याचा फोटो निघतो. वरची माती न अडविता बांधलेला असा बांध थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरतो.

आकुर्डीसारख्या नागरी भागात

आकुर्डीचा समावेश १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिकेत झाला व १९८२ साली तेथे महानगरपालिका आली. त्याआधी १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींनी हा परिसर व्यापला. जेथे ज्वारी-बाजरी पिकत होती तेथे आज छपरे, रस्ते व फरसबंदी आहे.

फरसबंदीवरून माती सुटत नाही, तेव्हा शहराचा गाळाशी संबंध नाही असे समजू नये. छपरावर पडलेला जवळजवळ सर्व पाऊस वाहतो : १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे २,५०० लिटर पाणी काही मिनिटांत नाल्यास जाते. नाल्याचा लोंढा पूर्वीपेक्षा लवकर व उंच येतो आणि गाळाने न लादलेले ते पाणी खालच्या कच्च्या काठांची माती खाऊ लागते. त्यातच बांधकामासाठी उघड्या पडलेल्या जागेतून व उताराने टाकलेल्या राडारोड्यातून गाळ येतो. म्हणून छपराचे पाणी शोषखड्ड्यात किंवा विंधनविहिरीच्या पुनर्भरणास नेणे, बांधकामाच्या जागेस खालच्या बाजूने अडथळा व गाळकुंड करणे आणि नाल्याच्या काठची झाडी राखणे, ही नागरी वस्तीतील मृदसंधारणाचीच कामे होत. चाकण-तळेगावकडील गावांत शेती व कारखाने आज शेजारी शेजारी आहेत. तेथे ही कामे वेळीच झाली तर पुढील हानी टळेल.

गाळ परत शेतात

तलावातील गाळ काढून शेतात पसरविण्याची चाल जुनी आहे. राज्य शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेद्वारे तिला चालना दिली. हलक्या, मुरमाड जमिनीस असा गाळ उपकारक ठरतो. परंतु भारी जमिनीवर चिकण गाळाचा थर देऊन निचरा बिघडवू नये. गाळ टाकण्यापूर्वी त्याचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासून क्षारांचे प्रमाण पाहावे. शहराच्या व कारखान्यांच्या खाली साठलेला नदीगाळ जड धातूंची तपासणी झाल्याखेरीज अन्नपिकाच्या शेतात नेऊ नये. आणि हेही विसरू नये की, गाळ परत आणण्यास डिझेल व पैसा लागतो. तीच माती शेतात राखण्यास आडवी पाळी पुरते.

कार्यकर्त्यांसाठी कामाचे टिपण

(अ) मे अखेर : ओढ्याची एक मोजणीची जागा ठरवून पातळीच्या रेघा माराव्यात. फुटलेले बांध व सांडवे यांची शिवारफेरी करून यादी करावी व पहिल्या सरीपूर्वी दुरुस्ती करून घ्यावी.

(आ) जून-जुलै : रब्बीच्या पडीत क्षेत्रात किमान एका शेतात बंदिस्त वाफे पाडून शेजारचे एक शेत नेहमीप्रमाणे ठेवावे. दोन्ही शेतांच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून घ्यावेत.

(इ) सप्टेंबर-ऑक्टोबर : मोठ्या सरींच्या वेळी गाळाचे तीन-तीन नमुने घेऊन पाऊस, पातळी व गाळ यांची नोंदवही ठेवावी.

(ई) दिवाळीनंतर : दोन्ही शेतांच्या बाटल्या ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवून हिशेब वाचून दाखवावा.

शेवटच्या कामास विशेष महत्त्व द्यावे. धुपीवरील व्याख्यान शेतकरी ऐकतो व विसरतो. परंतु आपल्या शेताची माती बाटलीच्या तळाशी बसलेली पाहिली की तो तिची जाडी बोटाने मोजतो आणि शेजाऱ्याच्या बाटलीकडे पाहतो. बंदिस्त वाफ्यांची चौकशी तेथूनच सुरू होते, आणि त्या वेळी सारायंत्र गावात कोठे मिळेल हे कार्यकर्त्यास ठाऊक असले पाहिजे.